डब्यातली साखर

आमच्या शेजारच्या आजी मार्चमध्ये बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मुलगा बाहेरगावी नोकरीला, म्हणून मी रोज दुपारी त्यांना डबा द्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, मनातून वाटलं म्हणून. रविवारी उपासनेला बसताना बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण आजी एकदाही "बरं झालं गं" म्हणाल्या नाहीत. मीठ कमी आहे, भाकरी वातड झालीये, काल उशीर केलास, एवढंच. आणि डबा परत यायचा तो रिकामा. आता आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत ना, चिमूटभर साखर तरी टाकतात, माझी आई तर शेजारून आलेली वाटीसुद्धा तशीच पाठवायची नाही. मी रोज झाकण काढून आत बघायला लागले, दोन महिने बघत होते, आणि एक दिवस इतका राग आला की डबा दिलाच नाही. त्या दुपारी माझाही घास घशाखाली उतरला नाही.

संध्याकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल उघडलं, लूकच्या शुभवर्तमानाचा 17 वा अध्याय. प्रभू येशूकडून दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येऊन त्याच्या पाया पडतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. संडे स्कूलपासून आम्हाला त्या एकासारखं व्हा म्हणून शिकवलंय आणि ते बरोबरच आहे, प्रभूने स्वतः विचारलं की बाकीचे नऊ कुठे आहेत, म्हणजे त्यालाही ते जाणवलं. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. त्याने दिलेलं काढून घेतलं नाही. आणि मी चिमूटभर साखरेसाठी एका म्हाताऱ्या बाईचं जेवण बंद केलं होतं.

मला पंडिता रमाबाई फार आठवल्या. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला नेलं, विधवा मुलींना शिकवलं, आणि 1893 ला मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून एवढा गदारोळ झाला की सल्लागार मंडळातली मोठमोठी माणसं बाजूला झाली, घरच्यांनी कितीतरी मुली काढून नेल्या. दुसरी कुणी असती तर दार लावून बसली असती. पण 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या, त्यांचं केडगावला (नगरजवळचं नाही, दौंडकडचं) सगळं केलं. स्वतःचे आई-वडील त्यांनी तशाच हालात गमावले होते, भूक काय असते ते त्यांना माहीत होतं. मला वाटतं त्यांचं लक्ष त्या मुलींच्या ताटाकडे होतं, आणि माझं मात्र परत आलेल्या डब्याकडे.

बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहेच की, सगळं विकून गरिबांना खाऊ घातलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही. लग्नात तो अध्याय वाचतात तेव्हा ही ओळ मी नुसती ऐकून सोडून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. "काल कुठं होतीस?" आजींनी विचारलं. मी म्हटलं, आजी चुकलं माझं. मग तिथेच पलंगाजवळ बसले, एरवी दारातूनच डबा देऊन यायचे, आणि विचारलं की भाकरी वातड म्हणजे चावत नाही का तुम्हाला. त्यांनी तोंडातली खालची कवळी काढून हातावर ठेवली, एका बाजूला हिरडी लालभडक सोललेली होती. दोन महिने त्या मला हेच सांगत होत्या.

आता भाकरी दुधात कुस्करून देते, वरून थोडं तूप. डबा अजून रिकामाच येतो. आज म्हणाल्या दूध जास्त झालं, पचपचीत लागलं, तर उद्या जरा कमी घालते.