भिंतीअलीकडचे दोन मीटर

स्मरणिकेत खेळाडूंची पदकं मोजली जातात. पोहण्याचं पदक तलावात नेमकं कुठे मिळतं आणि कुठे निसटतं, ते मात्र राहून जातं. आज आपल्या शाळेतली जी मुलं पहाटे टिळक तलावावर किंवा बालेवाडीला जातात, त्यांच्यासाठी तेवढंच लिहिते.

५० मीटरच्या तलावात १५०० मीटरच्या शर्यतीत २९ टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळून परत फिरणं, येतात; २५ मीटरच्या तलावात ५९. टर्नमागे अर्धा सेकंद गेला तरी मोठ्या तलावात साडेचौदा सेकंद झाले. नुसत्या हातांच्या जोरावर तेवढे कोण भरून काढणार?

तळाची रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे संपते आणि तिथे आडवी खूण असते. नवखं पोर बरोबर त्याच जागी मान वर काढून भिंत बघतं. मान वर आली की कंबर खाली बसते, वेग मरतो आणि कोलांटी अर्धवट होते. नजर रेघेवरच ठेवायची. शेवटच्या हाताबरोबर हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी आणि तळवे भिंतीवर. उताणं असतानाच ढकलायचं, कुशीवर वळायचं ते सुटल्यावर. आधी वळत बसणाऱ्याचे पाय भिंतीवर रेंगाळतात. १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलं पाहिजे हा नियम, पण वर येताच पहिल्याच हाताला श्वास घेतला तर भिंतीकडून मिळालेला वेग तिथेच संपतो. हे सगळं दमलेलं असताना घोटवायचं. ताजंतवानं असताना टर्न सगळ्यांनाच जमतो.

बॅकस्ट्रोकला, म्हणजे उताणं पोहताना, भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वर पताकांची दोरी असते. तिथून भिंतीपर्यंत आपले हात किती पडतात ते पाठ हवं. सरावाला दोरी बांधलेली नसेल तर सरांच्या मागे लागून बांधून घ्या. अंदाज चुकून लवकर पालथं झालं आणि तसंच तरंगत भिंतीकडे गेलं, की बाद. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. हे शाळेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी जिल्हा स्पर्धेत बाद होणारे यातच सापडतात.

५० मीटरला मोठ्या तलावात टर्नच नाही. तिथे सगळी मदार सूर मारण्यावर आणि शेवटच्या स्पर्शावर. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेतलं. त्याआधीचं भारताचं जलतरणातलं आशियाई पदक १९८६ चं, खजान सिंग यांचं. एवढ्या छोट्या शर्यतीत भिंतीपाशी अर्धा हात कमी पडला तर तो परत मारायला वेळ नसतो.

बाराव्या वर्षी मोठी पॅडल्स, म्हणजे सरावाला तळहातांवर बांधायच्या पट्ट्या, घेऊन देणाऱ्या पालकांनी जरा दमानं घ्यावं. खांदे एकदा दुखायला लागले की करिअरच आखडतं.

आणि दहावी. या वर्षी पोहणं पार बंद केलं तर पाण्याची पकड जाते. अंतर कमी करा, पण आठवड्याचे तीन-चार दिवस सोडू नका, आणि त्यात सूर आणि टर्न ठेवाच. क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा स्पर्धेहून आल्या आल्या प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात नेऊन द्या. फेब्रुवारीत कपाटं उचकत बसू नका.