बाहेरचा इनटेक निवडताना

माझ्या १.२ लिटर पेट्रोल गाडीला बाहेरचा इनटेक (म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा, गाडीच्या कंपनीचा नसलेला फिल्टर-पाइपचा संच) बसवावा का, हे ठरवताना मी आधी साधा हिशेब मांडला. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले तर ६,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा लागते. शहरात मात्र गाडी दीड-दोन हजार आरपीएमवर चालते आणि तेव्हा थ्रॉटलची झडप (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी) बरीचशी मिटलेली असते. हवा खरी अडते ती त्या झडपेपाशी, त्यामुळे तिच्या अलीकडचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या गाडीला त्याचा काहीच उपयोग होत नाही. फरक पडलाच तर तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घाट चढताना पडेल.

दुकानात सर्वांत आकर्षक दिसतो तो उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा, फिल्टर. बहुतेक गाड्यांचा मूळ एअर बॉक्स ग्रिलमागून बाहेरची थंड हवा घेतो, तर बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन इंजिनाने तापवलेलीच हवा ओढतो. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता जवळजवळ ९ टक्क्यांनी घटते आणि फिल्टर मोकळा करून जे मिळवले असेल त्याहून अधिक इथेच गमावले जाते. आवाज मात्र भारदस्त होतो, कारण आवाज दाबणारा मूळ रेझोनेटर निघून गेलेला असतो. 'पिकअप वाढला' असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत तो कानांनाच वाढलेला असतो, असे माझे मत आहे.

बंपरमागे खाली उतरणारा लांब पाइप ही अडचण सोडवतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात नवी उभी करतो. तुंबलेल्या रस्त्यावर त्याने पाणी ओढले, तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

टर्बो गाडीत हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी होणारा अडथळा कमी करण्याला अर्थ आहे, परंतु ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ठरावीक मर्यादेतच ठेवत असल्याने रिमॅप (त्या संगणकाच्या सेटिंगमधला बदल) नसेल तर तिथेही अपेक्षा माफकच ठेवावी.

म्हणून मूळ बॉक्समध्येच बसणारा, धुऊन वापरता येणारा कापसाचा पॅनेल फिल्टर मला पटला; त्यातही वाढीव ताकदीची आशा नाही, फक्त पुनर्वापराची सोय आहे. त्याला तेल बेताने लावावे लागते, कारण जादा तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसले की मोजणी चुकते. बसवताना रबरी कड चारही बाजूंनी खाचेत बसली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. काही आठवड्यांनी बॉक्स उघडून फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसावी. त्यावर बारीक धूळ उमटली, तर तो फिल्टर काढून कंपनीचा कागदी फिल्टर परत घालावा.