सुरतेची इंग्रजी थडगी: बघा, पण रिक्षा ठरवून बसा

सुरतेत वारलेल्या जुन्या इंग्रज व्यापाऱ्यांची थडगी, त्यातही त्यांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याचं, बघायचं असेल तर सुरत स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला फक्त ‘कतारगाम दरवाजा’ सांगा. ऑक्झेंडन, मकबरा, हेरिटेज यांतला एकही शब्द तोंडातून काढू नका. मी काढला, त्याने माझ्या पाठीवरची सॅक पाहिली आणि २५० रुपये सांगितले. घासाघीस न करता बसलो, ही माझी चूक. वर त्याने मला भलत्याच कब्रस्तानाच्या दाराशी उतरवलं. “येही है साहेब,” म्हणाला आणि मी पाण्याची बाटली काढेपर्यंत दिसेनासाही झाला.

तिथून पुढची चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. मोबाइलचा नकाशा आपल्याला कबरींच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभं करतो. भिंतीवरून घुमट दिसतो, पण आत जायला वाट नाही. उजवीकडून वळसा घातला तर गल्ली बंद. डावीकडे हिऱ्यांच्या कारखान्यांची जेवणाची सुट्टी झालेली, त्यामुळे सगळा रस्ता दुचाक्यांनी भरलेला आणि पाय ठेवायला उघडी गटाराची कड. मे महिन्यात दुपारी एक वाजता गेलो हे माझंच शहाणपण. टोपी, पाणी, चांगले बूट या गोष्टी तुम्हाला सांगायला नकोत. नकाशा मात्र खिशात ठेवा आणि पानवाल्याला ‘अंग्रेजोनी कबर’ विचारा. मला शेवटी त्यानेच पोचवलं.

फाटकाला कुलूप. रखवालदार जेवायला गेलेला. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाचा निळा फलक उन्हात वाचत बसलो. १९५८ चा कायदा, नासधूस केल्यास शिक्षा, सगळं पाठ झालं. सकाळी जा, एवढंच सांगेन.

आत गेल्यावर मात्र शीण उतरला. ज्या व्हिडिओच्या नादाने मी गेलो होतो, त्यात ठणकावून सांगितलं होतं की इथे ‘शिवाजी महाराजांना हरवणारा’ इंग्रज पुरलाय. साफ थाप आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेत आले तेव्हा मोगलांचा सुरतेतला अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन आपली माणसं घेऊन वखारीची दारं लावून ठाण मांडून राहिला आणि वखार वाचली. एवढंच घडलं. महाराजांना मोगलांच्या पेठेतली दौलत हवी होती, ती घेऊन ते निघून गेले. पण या हिमतीवर इंग्रजांनी बादशहाकडून जकातीत सवलत मिळवली आणि ईस्ट इंडिया कंपनीने ऑक्झेंडनला सोन्याचं पदक दिलं. मराठी माणसाने या थडग्याकडे खरं तर मुंबईच्या बाजूने बघावं. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिलं. कंपनीच्या वतीने मुंबईचा पहिला गव्हर्नर झाला तो हाच ऑक्झेंडन, आणि कारभार सुरतेतूनच. पुढल्याच वर्षी तो इथे वारला.

इमारत लांबून एखाद्या नवाबाची कबर वाटावी अशी. दोन मजले, जाडजूड खांब, वर घुमट. व्यापारी माणसं, पण मेल्यावर मोगल सरदारांच्या तोडीचं दिसायचं होतं.

माझ्या मते मात्र इथली सगळ्यात मोलाची गोष्ट जॉर्जची नाहीच. त्याच्या आधी, १६५९ मध्ये, धाकटा भाऊ क्रिस्टोफर गेला. त्याचा लॅटिन मृत्युलेख चक्क खतावणीच्या भाषेत लिहिलाय. याच्या हिशेबात वर्षं नाहीत, दिवसच जमा झाले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. धन्यांनी नोकर गमावला, आम्ही सोबती, त्याने जीव. आणि जमेच्या बाजूला? तर मरण हाच लाभ. जाण्याआधी याचं भाषांतर वाचून जा, नाहीतर नुसते दगड बघून परत याल.

डच आणि आर्मेनियन थडगी वेगळ्या आवारात आहेत. थकला असाल तरी ती सोडू नका. तिथला मोठा घुमट व्हान रीड या डच अधिकाऱ्याचा. १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला, पुरला सुरतेत. ऑक्झेंडनपेक्षा आपल्या माणसाचं थडगं मोठं दिसलं पाहिजे, हा डचांचा हट्ट लपत नाही. याच माणसाने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन वैद्यांचं कोंकणीतलं प्रशस्तिपत्र आपल्या नागरी लिपीत छापलेलं आहे. कबरीशी उभा असताना मला घुमटापेक्षा त्याचंच अप्रूप वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला, लोचो हा सुरती नाश्ता खाल्ला, आराम केला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दोन्ही आवारं मिळून तीन तास पुरतात. तिकीट कुणी मागितलं नाही. परतताना कोपऱ्यावर शेअर रिक्षा मिळाली, स्टेशनपर्यंत वीस रुपये. सुट्टे जवळ ठेवा.