पायली, गुंठा आणि सव्वा लिटर

गणिताच्या उदाहरणात सफरचंदांच्या जागी पेरू घातले, राजूच्या जागी गावातलं एखादं नाव घातलं, की गणित ‘परिसराशी जोडलं’ असं शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. उत्तर काय येतं याची मुलाला खरोखर फिकीर वाटली पाहिजे. त्यावरून वर्गात भांडण झालं तर फारच उत्तम.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली बरीच पोरं बाजाराच्या दिवशी आईशेजारी भाजी विकायला बसतात. साठ रुपये किलोची गवार पावणेदोन किलो घेतली, तर एकशे पाच रुपये हे त्यांच्या तोंडून पिशवी भरायच्या आत येतं. तेच अपूर्णांकाच्या आडव्या रेघेसकट फळ्यावर मांडलं की सगळे गप्प.

म्हणून अपूर्णांक सुरू करताना एका मुलीच्या आज्जीकडून धान्य मोजायची जुनी मापं मागवली. चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. यातलं प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आज्जी स्वतःच मापं घेऊन आल्या, व्हरांड्यात ज्वारीचं पोतं उघडलं आणि गट पाडून दिले. पायलीत चार शेर, आठ मापटी, सोळा चिपटी बसायला हवीत. एका गटाची पायली मात्र सातव्या मापट्यालाच भरली. दुसऱ्या गटातली पोरं लगेच ओरडली, “मॅडम, ह्ये शीग धरायलेत!” खरंच होतं. मापटं शिगोशीग भरायचे आणि पायलीवर मात्र हात फिरवायचे. आज्जींनी पोराच्या हातातलं मापटं घेतलं, तळवा आडवा करून वरची ज्वारी सपाट केली, चार दाणे फरशीवर सांडले तेही वेचून पोत्यात टाकले. म्हणाल्या, “येक तर दोन्हीकडं शीग धरा, न्हाई तर दोन्हीकडं हात फिरवा.” अपूर्णांकात सगळे भाग सारखेच का लागतात, हे मी इतक्या वर्षांत याहून चांगलं सांगू शकलेले नाही. मग एक अष्टमांश फळ्यावर लिहिला, तेव्हा कुणीतरी आपसूक म्हणालं, “मापटं!”

क्षेत्रफळाला मैदानावर फक्कीनं गुंठा आखतो. 33 फूट बाय 33 फूट, असे 40 गुंठे म्हणजे एकर. घरात जमिनीच्या गोष्टी रोज कानावर पडतात, पण गुंठा केवढा हे चालून पाहिलेलं नसतं. मग त्याच गुंठ्यावरून पावसाचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा, म्हणजे मिलिमीटरमागे गुंठ्याला जवळपास शंभर लिटर. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा अंगणात ठेवायचा आणि पाऊस थांबला की आत पट्टी धरायची. बारा मिलिमीटर भरला तर बाराशे लिटर, पंधरा लिटरच्या ऐंशी घागरी. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या जिल्ह्यात पाण्याचं गणित म्हटलं की रेल्वे आलीच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची गाडी आली, तेव्हा या पोरांचा जन्मही झाला नव्हता. दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजारांच्या पुढे होती. भागाकार अवघड वाटला, तर चार लाख धरा म्हटलं. पाच लाखांना चार लाखांनी भागलं, माणशी सव्वा लिटर. “मॅडम, येवढ्यात तं आंघोळबी व्हईना.” मग पोरांनी आपापल्या घरी दिवसाला किती घागरी लागतात ते लिहून आणलं आणि अशा किती गाड्या लागतील याची मांडणी स्वतःहून सुरू केली. तो तास मी मराठीच्या तासात घुसू दिला.

आता सोयाबीन निघालं की आडतीवरच्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या आणायला सांगणार आहे, नावाचा भाग दुमडून. क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. पुढच्या वर्गांत शेकडेवारी येतेच आहे.