क्ष² + १ चे अवयव पाडा, पण कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लायब्ररी लिहितो हे कळलं की प्रोग्रॅमिंग जाणणारी मंडळी हमखास एक प्रश्न टाकतात: "गणिताला टाइप सिस्टिमचं, म्हणजे प्रत्येक गोष्ट कुठल्या प्रकारची ते जाहीर करायच्या नियमांचं, एवढं लचांड कशाला? मॅथेमॅटिका या गणिती प्रणालीत टाइप जाहीर करावे लागत नाहीत, तरी १९८८पासून लोक तिच्यावर गणितं सोडवतायत की." प्रश्न रास्त आहे, आणि "टाइप असले की चुका कमी होतात" हे ठरावीक उत्तर त्याला पुरत नाही.

साधं गणित घ्या. क्ष² + १ चे अवयव पाडा. शाळेतला मुलगा म्हणेल, पडत नाहीत. संमिश्र संख्या शिकलेला म्हणेल, न पडायला काय झालं, उणे एकचं वर्गमूळ घ्या आणि पाडा. दोघंही बरोबर आहेत. आता सगळे सहगुणक मॉड्युलो ५ मोजायचे, म्हणजे ५ ने भागून उरलेली बाकीच धरायची, असं ठरवा. (क्ष + २)(क्ष + ३) गुणून पाहा: क्ष² + ५क्ष + ६ येतं, आणि इथे ५ म्हणजे ० नि ६ म्हणजे १, म्हणजे हीच आपली राशी. मॉड्युलो २ मध्ये ती (क्ष + १)² असा पूर्ण वर्ग होते. मॉड्युलो ३ मध्ये पुन्हा अवयव नाहीत. लिहिलेली अक्षरं दर वेळी तीच. सहगुणक कुठल्या संख्यांमधले ते सांगितल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही, आणि ते सांगायची जागा म्हणजे टाइप. एरवी टाइप हा दारावरचा पहारेकरी असतो, चुकीचं काही आत येऊ नये एवढंच बघतो. इथे तो प्रश्नाच्या मजकुरातच बसलेला आहे.

मॅथेमॅटिकाच्या पद्धतीत सगळंच राशी असतं: चिन्हांचं एक झाड, आणि त्यावर चालवायचे बदलाचे नियम. विकलन, इंटिग्रेशन, समीकरणं सोडवणं यासाठी ही पद्धत झकास आहे आणि मीही ती खुशाल वापरतो. पण क आणि ख ही चिन्हं तुमच्या मनात मॅट्रिक्स (संख्यांचे चौकोनी तक्ते) असतील आणि तुम्ही साध्या गुणाकाराने कख − खक लिहिलंत, तर उत्तर शून्य येतं. का, तर तिथला साधा गुणाकार क्रमनिरपेक्ष धरलेला आहे. मॅट्रिक्सचा गुणाकार वेगळ्या चिन्हाने लिहायचा असतो, ते तुम्ही लक्षात ठेवायचं. टाइप तिथेही आहेच, फक्त तो यंत्राऐवजी वापरणाऱ्याच्या डोक्यात आहे. पायथन भाषेतल्या सिंपाय या लायब्ररीत क्ष² चं वर्गमूळ मागितलं तर ते आपोआप क्ष होत नाही. क्ष ऋण नाही असं आधी जाहीर केलं तरच होतं. ही जाहीर केलेली गृहीतकं म्हणजे मागच्या दाराने आलेले टाइपच.

पुढच्या दाराने ते आणायचं काम आयबीएमच्या संशोधन विभागात स्क्रॅचपॅड नावाच्या प्रकल्पात झालं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड जेंक्स आणि सहकाऱ्यांनी त्याची नवी आवृत्ती उभारायला घेतली. तीच पुढे ॲक्सिअम या नावाने विकली गेली, नंतर मुक्त झाली, आणि आज तिची फ्रायकॅस ही शाखा जिवंत आहे. तिथे 'पूर्णांक' हे एक डोमेन, म्हणजे टाइप. 'बहुपदी' हा डोमेन घेऊन नवं डोमेन देणारा फंक्शनसारखा प्रकार. वलय (जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालतो), क्षेत्र (जिथे भागाकारही चालतो) वगैरे कॅटेगरी, म्हणजे डोमेनने काय काय करून दाखवलं पाहिजे याचा करार. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींचे अपूर्णांक, त्यांचे मॅट्रिक्स, अशी उतरंड हवी तितकी रचा. हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत टाइपक्लास, म्हणजे टाइपांसाठीचे असेच करार, येण्याच्या आधी ही माणसं गणितासाठी हे करून बसली होती. भाषारचनेच्या इतिहासात त्यांचं नाव याहून जास्त यायला हवं असं माझं मत आहे.

खरी मेख पुढे आहे. मॉड्युलो न पूर्णांक हा टाइप घ्या, न ही एखादी पूर्ण संख्या. न मूळ संख्या असेल तर हे क्षेत्र, म्हणजे शून्य सोडून कशानेही भागता येतं. न = ६ असेल तर २ गुणिले ३ बरोबर ० होतं आणि भागाकाराची वाट लागते. म्हणजे हा टाइप कुठल्या कराराला पात्र आहे हे कळण्यासाठी मूळ संख्येची चाचणी घ्यावी लागते, आणि न तर प्रोग्रॅम चालू असताना कुठल्याशा गणनेतून बाहेर पडलेला असतो. प्रोग्रॅम चालण्याआधीच तो तपासणाऱ्या कंपायलरने बिचाऱ्याने काय करावं?

यावर सेज या गणिती सॉफ्टवेअरने २००५पासून पायथनच्या वर एक थर चढवला: प्रत्येक घटकाला एक 'पेरेंट' असतो, आणि तो पेरेंट ही रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, तयार होणारी वस्तू असते. १/२ चा पेरेंट परिमेय संख्यांचं क्षेत्र, क्ष चा पेरेंट पूर्णांकी बहुपदींचं वलय. दोघांची बेरीज केलीत तर दोन्हींना सामावणारं परिमेय सहगुणकांचं वलय सेज स्वतः शोधून काढतं. सोय मोठी आहे. पण हे शोधण्याचे नियम एकदा गुंतले की एखादी बेरीज भलत्याच घरात का पोचली हे उकलताना डोकं उठतं.

ज्युलिया या भाषेत टाइपमध्येच संख्या घालता येते, म्हणून वाटेल की न तिथेच ठेवावा. तिच्यातल्या निमो या बीजगणिताच्या लायब्ररीने तसं केलं नाही, आणि तो निर्णय मला पूर्ण पटतो. मोठ्या पूर्णांकी मॅट्रिक्सचं डिटरमिनंट (निश्चयक) काढायची एक नेहमीची रीत अशी: कितीतरी वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या मॉड्युलोत ते काढायचं आणि बाक्यांवरून पूर्ण उत्तर ठरवणाऱ्या चिनी शेष प्रमेयाने ती जोडायची. प्रत्येक मूळ संख्या हा नवा टाइप झाला तर ज्युलिया प्रत्येकीसाठी कोड नव्याने कंपाइल करत बसेल. म्हणून न पेरेंटमध्ये राहतो. त्याची किंमत अशी की मॉड्युलो ५ आणि मॉड्युलो ७ चे घटक कंपायलरला एकाच टाइपचे दिसतात, आणि त्यांची बेरीज चुकीची आहे हे रनटाइमच्या तपासणीतच उघड होतं. मी ही किंमत मोजायला तयार असतो. रचनेचा आकार, म्हणजे बहुपदी की मॅट्रिक्स की अपूर्णांक, टाइपात. त्यातले आकडे पेरेंटात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच टाइपने सुटत नाही. १९६८मध्ये डॅनियल रिचर्डसनने सिद्ध केलं की परिमेय संख्या, पाय (π), २ चा लॉग, क्ष, साइन, घातांकी फलन आणि निरपेक्ष किंमत एवढ्यांतून बनलेली राशी सर्वत्र शून्य आहे का, हे दर वेळी ठरवून देणारी कृती असूच शकत नाही. आता गाउसच्या रीतीने मॅट्रिक्सची रँक (एकमेकींपासून स्वतंत्र ओळींची संख्या) काढताना पिव्होट, म्हणजे ज्याने भागायचं तो घटक, शून्य नाही ना, हे पावलोपावली विचारावं लागतं. तिथे एखादं छुपं शून्य निसटलं की रँक चुकते, आणि कुठेही एररचा संदेश येत नाही. ॲक्सिअममध्ये अशा राशींचं डोमेनही स्वतःला क्षेत्र म्हणवतं, परिमेय संख्यांच्या बरोबरीने. म्हणून मी नवी लायब्ररी लिहायला घेतो तेव्हा 'क्षेत्र' आणि 'जिथे शून्य ओळखता येतं असं क्षेत्र' हे दोन करार वेगळे ठेवतो, आणि रँक काढणारं फंक्शन फक्त दुसराच स्वीकारतं. वापरणारे कुरकुरतात. पहिल्या करारासाठी मी वेगळं फंक्शन देतो, ते उत्तरासोबत कुठल्या राशी शून्य नाहीत असं धरलं याची यादीही देतं.