जोडीने मुलाखत, नंबर मात्र दोन

नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याच्या, मुलाखतीत नोकरीबद्दल फारसं विचारत नाहीत. निदान आमच्या वेळी तरी नाही. कंपनी तीच का, हुद्दा तोच का, पगार किती, एवढं नवऱ्याला विचारून झालं आणि ऑफिसरबाईंनी माझी फाईल पुढे ओढली. ती त्याच्या फाईलपेक्षा जाड होती.

आधी रांगेबद्दल सांगते, कारण आत्याला दर फोनवर ते नव्याने समजावावं लागतं. नोकरीच्या वर्गात वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं असतात आणि एका देशाला ढोबळमानाने ७ टक्क्यांचीच मर्यादा. देश म्हणजे जिथे जन्मलो तो. भारतात जन्मलेले अर्जदार ढिगाने, त्यामुळे आपली रांग म्हणजे मारुतीचं शेपूट. त्यात या आकड्यात बायका-मुलंही मोजतात. नोकरी एकट्या नवऱ्याची, पण वर्षाच्या कोट्यातले नंबर आम्हाला दोन हवेत. कंपनीने लेबरचा, म्हणजे या कामाला इथला माणूस मिळत नाही हे सरकारकडून मान्य करून घेण्याचा, अर्ज भरला ती आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा. मग दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडायचं आणि तारीख पुढे सरकली की मागे गेली ते बघायचं. हो, मागेही जाते.

ऑक्टोबर २०१७ पासून नोकरीवाल्यांनाही मुलाखत लागू केली होती. पुढे बऱ्याच जणांना ती माफ व्हायला लागली. आम्हाला मात्र बोलावणं आलं.

माझी फाईल जाड होण्याचं पहिलं कारण जन्मदाखला. त्यावर नावाचा रकाना कोरा! नोंद बारशाच्या आधी झालेली आणि नंतर नाव घालायला कुणी फिरकलंच नाही. आपल्याकडे असे दाखले घरोघरी सापडतील, पण इथे तेवढ्यावर भागत नाही. मग शाळा सोडल्याचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, शिवाय आईचं आणि मावशीचं प्रतिज्ञापत्र. बाळंतपणाला मी स्वतः हजर होते, असं मावशीने नोटरीसमोर लिहून दिलं. वर दाईचं नावही घालू का, म्हणून विचारत होती.

दुसरं कारण एनसीसी. आय-४८५ या ग्रीन कार्डाच्या अर्जात शस्त्रांचं किंवा लष्करी स्वरूपाचं प्रशिक्षण घेतलंय का, असा प्रश्न आहे. कॉलेजात मी एनसीसीत होते, कॅम्पला पॉइंट टू टू रायफल चालवली होती. "लिहू नकोस, कोण बघतंय," असे सल्ले ओळखीपाळखीतून भरपूर मिळाले. मला ते पटलं नाही. शपथेवर द्यायचं उत्तर आहे, उगीच कशाला विषाची परीक्षा? वकिलीणबाईंनीही 'हो'वर खूण करून सोबत खुलासा जोडायला सांगितला.

खोलीत शिरल्यावर बसायच्या आधीच उजवा हात वर करून शपथ झाली. मग बाई लाल पेनाने एकेका ओळीवर खूण करत निघाल्या. एनसीसीपाशी पेन थांबलं.

"कशावर गोळ्या झाडल्या?"

"कागदाच्या टार्गेटवर."

"लागल्या?"

"थोड्या."

त्या हसल्या, बाजूला काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकल्या. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का, यावर नवऱ्याने प्रश्न पुरा व्हायच्या आत "नो" म्हटलं. त्याचे आजोबा गिरणीत लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते, तेवढी धास्ती. प्रश्न फक्त त्याच्यापुरता आहे हे त्याला चांगलं माहीत होतं, तरीही. अमेरिकेत बहुपत्नीत्व करायचा विचार आहे का, हेही विचारलं. मी शेजारी बसलेली असताना तो काय वेगळं सांगणार होता?

लग्नाचं फार ताणलं नाही. नोंदणीचा दाखला, एकत्र भरलेला टॅक्स आणि फोटो पाहिले. अंतरपाटाच्या फोटोत नवरा-नवरी एकमेकांना दिसतच नाहीत, याचं त्यांना भारी नवल वाटलं. पहिल्यांदा कुठे भेटलात म्हणून विचारलं, तर आम्ही दोघांनी एकदमच माझ्या मामाचं घर सांगितलं. कांद्यापोह्यांपर्यंत गोष्ट गेली नाही.

निकाल तिथल्या तिथे दिला नाही, पोस्टाने कळवू म्हणाल्या. थोड्या दिवसांनी नवऱ्याचं मंजूर झालं, कार्डही आलं. माझी केस अजून पेंडिंग. मुलाखत एकत्र झाली तरी अर्ज दोन, आणि मंजुरीच्या दिवशी माझ्यासाठीही नंबर शिल्लक असावा लागतो. मधल्या काळात बुलेटिनची तारीख मागे गेली, तर ती परत पुढे येईपर्यंत थांबायचं. तोवर माझी मदार तात्पुरत्या वर्क परमिटवर आणि अॅडव्हान्स परोलवर, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीवर.

सासूबाईंना हे काही केल्या पटत नाही. लग्न झालंय ना तुमचं, मग त्याचं कार्ड तुला का चालत नाही, म्हणतात.