झंपरावरचा तांबूस डाग: तपासणीची वाट कशी पार पडली

माझं वय 58, पाळी जाऊन 9 वर्षं. झंपराला डाव्या बाजूने आतून तांबूस डाग पडायला लागला. स्तनात हाताला गाठ लागत नाही, दुखणं नाही. दुखत नाही म्हणूनच आपल्याकडच्या बाया थांबतात, वेचणी उरकली की पाहू म्हणतात. पण पाळी गेल्यावर स्तनाच्या बोंडीतून (निपलमधून) नव्याने काहीही येत असेल, तर ते दाखवायलाच हवं.

डॉक्टर चार गोष्टी विचारतात: एका बाजूने की दोन्हीकडून, एकाच छिद्रातून की अनेक, आपोआप की दाबल्यावर, आणि रंग कोणता. सांगता यावं म्हणून पांढऱ्या सुती कापडाची घडी 5 दिवस झंपरात ठेवली आणि रोजच्या घडीवर तारीख टाकली. रक्त कापडावर वाळलं की तपकिरी दिसतं, म्हणून ओलं असतानाच पाहायचं. दाबून मात्र पाहायचं नाही. दाबत राहिलं की स्राव येतच राहतो आणि आपोआप किती येतो ते कळेनासं होतं.

हिरवट, घट्ट, अनेक छिद्रांतून येणारा स्राव बहुधा रुंदावलेल्या दूधनळ्यांचा असतो. दोन्हीकडून दुधासारखं येत असेल, तर डॉक्टर थायरॉइड तपासतात आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारतात. उलटीवरच्या डोम्पेरिडोननेही तसं होतं, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावी. माझं मात्र एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, आपोआप आणि रक्ताळ होतं. त्यात पॅपिलोमा, म्हणजे दूधनळीतली चामखिळीसारखी साधी वाढ, जास्त सापडते. पण कॅन्सरही असू शकतो आणि वयाबरोबर ती शक्यता वाढते.

उपकेंद्रातल्या सिस्टर हाताने तपासतात. मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेसाठी मात्र वर्धा, नागपूर, अकोला अशी वाट धरावी लागते. जाताना छातीला, काखेला पावडर लावू नका, तिचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. साडी-झंपर सोयीचं, वरचंच काढावं लागतं. प्रत्येक बाजूचे दोन, असे 4 फोटो निघाले. पाट्यांचा दाब चांगलाच लागतो, पण काही सेकंदच. मॅमोग्राफीत काही दिसलं नाही. सोनोग्राफीत बोंडीमागच्या नळीत 6 मिलिमीटरचा ठिपका सापडला.

स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यातल्या पेशीही तपासल्या. काचपट्टीत कॅन्सरच्या पेशी नाहीत म्हटल्यावर एकाने 'आता काही करू नका' असं सांगितलं. हे ऐकू नये. पेशी स्रावात उतरल्याच नाहीत, तर काचपट्टी स्वच्छच येणार.

शेवटी नळी काढली, त्या ऑपरेशनला मायक्रोडोकेक्टॉमी म्हणतात. आधीचे काही दिवस बोंडी अजिबात दाबायची नाही, कारण सर्जन स्रावाच्या थेंबावरूनच छिद्र ओळखतात. त्यात बारीक सळई घालून बोंडीभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने चीर देतात आणि तेवढी नळी काढतात. दुसऱ्या दिवशी घरी आले. बोंडी थोडी बधिर राहिली, ती राहू शकते. तुकड्याचा रिपोर्ट 8 दिवसांनी आला: पॅपिलोमा, संशयित पेशी नाहीत. त्या असत्या तर पुढचे उपचार ठरले असते.

रिपोर्ट आणि फोटो जपून ठेवलेत. पुढच्या मॅमोग्राफीत ताडून पाहायला तेच लागतात. आणि एका बोंडीला खाज, खपली असेल, दोन आठवडे मलम लावूनही जात नसेल, तर मलम बदलत बसू नका. ते पॅजेटचा आजार, म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार, असू शकतं आणि त्याचा तुकडा तपासावाच लागतो.